बायोडेटात सात कंपन्या : आठवी नोकरी मागायला जाताना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावर ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सध्या कुठं हाईस?" त्यातल्या 'सध्या'ची मला कित्येक वर्षं धास्ती होती. आयटीआय झाल्यापासून नऊ वर्षांत सात ठिकाणं झाली. उद्यमबागेत तीन, मच्छेला एक, मध्येच गोव्यात वेर्ण्याला दीड वर्ष, चाकणला अकरा महिने आणि परत येऊन होनग्याला एक. आठव्या ठिकाणी टिकलो. आता तिथला टर्निंग सेक्शन (लेथचं काम) बघतो आणि नवीन माणूस घ्यायचा असला की मालक मलाही शेजारी बसवून घेतात. जे प्रश्न पूर्वी उभं राहून ऐकले, तेच आता बसून विचारतो.

बसायला लागल्यावर एक गोष्ट कळली. समोरच्यानं किती कंपन्या बदलल्या हे मालक मोजत नाहीत. ते मनातल्या मनात एकच हिशेब करतात, हा कधी जाईल? नवीन ऑपरेटरचा हात आमच्या जॉबवर बसायला दोन-तीन महिने जातात. तोवर रिजेक्शन जास्त, टूल जास्त मोडतात, शेजारच्या मशीनवरच्याला त्याच्याकडं लक्ष द्यावं लागतं. एवढं करून तो चौथ्या महिन्यात गेला तर ऑर्डर अर्धी राहते. त्यामुळं खाली जे सांगतोय ते सगळं या एका शंकेचं उत्तर तयार करण्यासाठी आहे. मला मशीन शॉपचं जास्त कळतं, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. दुकान, दवाखाना, शाळा यांबद्दल शेवटी थोडं.

आधी वही काढा

बायोडेटा नंतर. आधी दोनशे पानी वहीत एका ओळीत एक नोकरी लिहा. कधी लागलो, कधी सुटलो, हाताखाली कुणाच्या होतो, कोणतं मशीन, पगार कुणी दिला आणि का सोडलं.

'पगार कुणी दिला' हा रकाना मुद्दाम आहे. आपल्याकडं कितीतरी पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. कंपनी तीच, गेट तेच, मशीनही तेच. पण ठेकेदार बदलला की पीएफच्या नोंदीत नवं नाव येतं. माझ्याकडं मुलाखतीला आलेल्या एका पोराच्या बायोडेटात पाच वर्षांत पाच नावं होती. विचारलं तर त्यातली तीन एकाच फाउंड्रीतल्या ठेकेदारांची निघाली, म्हणजे गडी साडेतीन वर्षं एकाच जागी फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करायचं काम) करत होता. ते त्यानं सांगितलंच नव्हतं. तुमचंही असं असेल तर कंपनीचं नाव एकदाच लिहा, कंसात 'ठेकेदारामार्फत' असं घाला आणि सगळा काळ एकत्र दाखवा. यात लपवाछपवी काही नाही, खरं आहे तेच आहे.

'का सोडलं' हा रकाना कुणाला दाखवायचा नाही, म्हणून खरं लिहा. माझा असा होता : दोन ठिकाणी पगार वेळेवर नव्हता. चाकणचं कंत्राटच अकरा महिन्यांचं होतं. गोव्यातून आजीच्या दुखण्यामुळं परत आलो. एक नोकरी गावच्या लक्ष्मी यात्रेला आठ दिवस सुट्टी दिली नाही म्हणून सोडली. (हसू नका. आमच्या तालुक्यात यात्रेपायी नोकरी सोडलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.) उरलेल्या दोन ठिकाणी 'पगार कमी' असं लिहिलं.

वही दोन दिवस तशीच ठेवली. मग पुन्हा वाचताना लक्षात आलं की 'पगार कमी' हे खोटं आहे. त्या दोन्ही ठिकाणी सेकंड शिफ्ट होती. रात्री अकराला सुटायचं आणि खानापूर बाजूच्या आमच्या गावाला त्या वेळी बस नाही. कधी ट्रकमधून, कधी कुणाच्या गाडीवर मागं, कधी कंपनीतच पोत्यावर झोप. असे चार महिने काढले की कुणीतरी हजार रुपये जास्त देतो म्हणायचा आणि मी निघायचो. पगार उशिरा मिळायचा त्या दोनपैकी एका ठिकाणीही शिफ्ट तीच होती. यात्रेची सुट्टी नाकारली तिथंही मी आधीच वैतागलेला होतो, यात्रा निमित्त झाली. म्हणजे सातपैकी चार नोकऱ्या शेवटच्या बसनं खाल्ल्या, आणि मी इतकी वर्षं पगाराच्या नावानं बोटं मोडत होतो.

तुमच्या वहीतही असं काहीतरी दोन-तीनदा येत असेल. कुणाला भात लावणीला जूनमध्ये आणि सुगीला पुन्हा घरी राहावंच लागतं. कुणाला धुळीनं दम लागतो. कुणाचं वरच्या माणसाशी प्रत्येक ठिकाणी वाजतं (असं असेल तर ते स्वतःशी कबूल करा, वही दुसऱ्या कुणी वाचणार नाही). परत परत येणारं ते कारण सापडल्याशिवाय पुढचा अर्ज टाकू नका. तसाच टाकलात तर आठवीही त्याच वाटेनं जाते. मी आधी कर्ज काढून जुनी मोटारसायकल घेतली, नोकरी त्यानंतर शोधली.

कागद गोळा करा

प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मिळालेलं असतं तर प्रश्नच नव्हता. न सांगता सुटलो असेल तर जुन्या ठिकाणी जाऊन मागायची लाज वाटते. तरी जा. सकाळी अकराच्या सुमारास, कामाची गडबड थोडी उतरल्यावर जा आणि भांडणाचा विषय काढू नका. "साहेब, तेव्हा माझं चुकलं, न सांगता गेलो. दाखला मिळाला तर बरं होईल," एवढंच म्हणा. मी चार ठिकाणी गेलो, तिघांनी दिला. चौथ्यानं चहा पाजला आणि दाखला दिला नाही.

नसेल मिळत तर नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, गेटपास, यांपैकी जे असेल ते त्या नोकरीच्या नावानं एकत्र टाचून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडं जमा करू नका, दाखवा आणि परत घ्या.

नावाचं स्पेलिंग तपासा. आपल्याकडं दहावीचा दाखला एका पद्धतीनं, आधार दुसऱ्या पद्धतीनं आणि पॅन तिसऱ्याच असा घोळ घरोघरी आहे. वडिलांचं नाव कुठं मध्ये येतं, कुठं येतच नाही. गावाच्या नावाची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरं असणारच.

पीएफ खातं सरळ करा

बहुतेक जण हे टाळतात, आणि मोठ्या कंपनीत गाडी अडते ती इथंच. हत्तरगीच्या सेझसारख्या विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या ठिकाणी जायचं असेल तर धरून चाला की तुमची जुनी नोंद तपासली जाईल. उद्यमबागेतला छोटा मालक फक्त जुन्या मालकाला फोन लावतो.

पीएफचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच असायला हवा. प्रत्यक्षात ज्यानं त्यानं नवा काढलेला असतो. माझे दोन निघाले. पीएफ कार्यालयाच्या (ईपीएफओच्या) मेंबर पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी उघडा. तिथं कंपन्यांची यादी, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. ती वहीशी ताडून बघा. बायोडेटात वेगळ्या तारखा लिहिल्या असतील तर त्या आधी दुरुस्त करा.

सोडल्याची तारीख कोरी असेल तर पोर्टलच्या हिशेबी तुम्ही अजून तिथंच कामाला आहात. पूर्वी यासाठी मालकाच्या मागं फिरावं लागायचं. आता शेवटची वर्गणी भरल्याला दोन महिने झाले की 'मार्क एग्झिट'मधून आपली आपण तारीख घालता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. एकदा घातलेली तारीख सहज बदलत नाही, म्हणून वही समोर ठेवूनच घाला.

मग जुन्या खात्यांतली रक्कम सध्याच्या खात्यात ट्रान्स्फर करा. प्रत्येक नोकरी सुटली की पीएफ काढून मोकळं व्हायची आपल्या पोरांना सवय आहे. मीही पहिल्या दोन ठिकाणचा काढला, त्यातला एक गणपतीत उडवला. तोटा असा की सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. ट्रान्स्फर केली तर मागच्या नोकऱ्यांची वर्षं त्यात जोडून धरली जातात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तीही जोडूनच मोजतात. वारंवार नोकरी बदलणाऱ्याला याचा फायदा सगळ्यांत जास्त आणि नेमका तोच पैसे काढून बसतो.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. ती साधारण एकाच मालकाकडं पाच वर्षं झाल्यावर मिळते. सात ठिकाणच्या नऊ वर्षांची माझी ग्रॅच्युइटी शून्य आहे.

बायोडेटा एक पान

वर कंपन्यांची यादी घालू नका. वर काम घाला. माझं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर होतं, म्हणून असं : 'सीएनसी टर्निंग, सहा वर्षं. फॅनक आणि सीमेन्स कंट्रोल. सीआय कास्टिंग व एमएस जॉब. सेटिंग स्वतः करतो, ऑफसेट देतो, ड्रॉइंग वाचतो. वीस मायक्रॉनपर्यंतच्या टॉलरन्सवर काम केलं आहे.' वाचणाऱ्याला आधी कारागीर दिसू दे, कंपन्या नंतर. येत नाही ते मात्र लिहू नका, मशीनवर उभं केलं की पाच मिनिटांत कळतं.

खाली कंपन्या, महिना-वर्षासकट. नुसती वर्षं लिहून मधली फट झाकायची युक्ती जुनी झाली. '२०१९ ते २०२०' असं दिसलं की आम्ही पहिला प्रश्न तिथलाच विचारतो. तीन आठवड्यांची, पीएफ न भरलेली नोकरी बायोडेटात नसली तरी चालेल. पण कंपनीच्या छापील अर्जात सगळ्या नोकऱ्या विचारल्या असतील तर सगळ्या लिहा, तिथं सही असते.

जुन्या कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो मोबाइलवर दाखवायला आणू नका. बरेच जण कौशल्य दाखवायला आणतात. मालकाच्या मनात येतं, हा उद्या आमचीही ड्रॉइंग अशीच नेईल.

कुठं मागायची

वहीत सापडलेलं कारण इथं कामाला येतं. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कागलची एमआयडीसी जवळ पडते, राज्याची हद्द मध्ये आली म्हणून बिचकू नये. पीएफ आणि ईएसआय दोन्हीकडं एकच. चंदगडची पोरं बेळगावात येतात, खानापूरची गोव्यात जातात, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. होनगा, काकती, मच्छे, नावगे, उद्यमबाग यांतलं कुठलं ठिकाण बघायचं हे घरापासूनच्या अंतरावर आणि सुटायच्या वेळेवर ठरवा. कंपनीची बस असेल तर ती कोणत्या स्टॉपपर्यंत येते आणि सेकंड शिफ्टलाही सोडते का, हे पगाराच्या आधी विचारा.

पुण्याचा आकडा मोठा दिसतो. तो कागदावर उतरवा. समजा इथं एकूण पगार १८,००० आणि त्यात बेसिक १२,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय पाऊण टक्क्यानं १३५, हातात १६,४२५. तिकडं २३,००० म्हणाले तर त्यातून कपात, खोलीचं भाडं, मेस आणि महिन्यातून एकदा गावी यायचं भाडं वजा करा. एकूण पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयच्या कक्षेत नव्यानं येत नाही, म्हणजे दवाखान्याचा खर्चही आपला. माझा चाकणचा हिशेब महिना सातशे रुपयांच्या फायद्यावर आला होता, आणि तो मी तिथून परत आल्यावर केला!

सरकारी भरतीची आशा असणाऱ्यांसाठी एक. महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात तुमचं १५ वर्षं वास्तव्य असेल आणि तुम्ही मराठी भाषिक असाल, तर महाराष्ट्राच्या अनेक भरत्यांत दाखल्यासह अर्ज करता येतो. जाहिरातीतली ती अट नीट वाचा. पण त्या भरोशावर घरी बसू नका, कामावर राहून अर्ज करा.

शब्द टाकणं

'तरुण भारत', 'पुढारी'तल्या छोट्या जाहिराती, गेटवरचे 'पाहिजेत'चे फलक, केंद्र सरकारचं नोकऱ्यांचं एनसीएस पोर्टल, सगळं बघा. पण बेळगावात निम्मं काम शब्दावर होतं. सात ठिकाणं बदलल्याचा एक फायदा म्हणजे सात ठिकाणी ओळखीची माणसं असतात. वहीतलं 'हाताखाली कुणाच्या होतो' हे पान उघडा आणि ज्याच्याशी बरं होतं त्या सुपरवायझरला फोन करा. "नोकरी बघा की" असं म्हणू नका. "माझ्याबद्दल कुणी विचारलं तर तुमचं नाव देऊ का?" असं विचारा. याला माणूस नाही म्हणत नाही, आणि चार दिवसांनी जागाही तोच सांगतो.

नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

मुलाखत

मराठी शाळेत शिकलेली आमची पोरं इथं दोनदा अडखळतात. पहिल्यांदा कन्नडवर. एचआरचा माणूस हुबळी-धारवाडकडचा असू शकतो आणि तो सवयीनं कन्नडमध्येच सुरू करतो. गप्प बसलं की त्याला वाटतं याला काहीच येत नाही. "स्वल्प कन्नड बरुत्ते, कलियुत्तेने", थोडं येतं, शिकतो, एवढं तरी हसून म्हणा. "नानु आरु वर्ष सीएनसी मेले केलस माडिद्देने", मी सहा वर्षं सीएनसीवर काम केलंय, हे वाक्य पाठ करून जा. उच्चार चुकला तर चुकू दे. बहुतेक वेळा पुढचं बोलणं हिंदीत नाहीतर मराठीतच होतं.

दुसरा अडखळा खरा, "इतक्या कंपन्या का बदलल्या?"

याचं उत्तर घरी मोठ्यानं बोलून तयार करा, आरशासमोर नको, बायकोसमोर किंवा भावासमोर. ते अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. प्रत्येक कंपनीची कहाणी सांगत बसलात की समोरचा ऐकायचं थांबतो. जुन्या मालकाला तर मुळीच नावं ठेवू नका. उद्यमबागेत कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही. मी एकदा एका मालकाच्या कंजूषपणाबद्दल सविस्तर बोललो आणि समोर त्यांचा मेहुणा होता.

मी आठव्या ठिकाणी दिलेलं उत्तर जवळजवळ असं होतं : "साहेब, सात ठिकाणं झाली हे खरं आहे. त्यातल्या चार नोकऱ्या सेकंड शिफ्टनंतर गावाला जायला बस नाही म्हणून सुटल्या. तेव्हा मला ते नीट कळलं नाही, मी कंपन्या बदलत राहिलो. आता गाडी घेतलीय, हप्ता सुरू आहे. तुमच्याकडं रात्री अकराला सुटलो तरी बाराच्या आत घरी पोचतो."

मालकांनी फक्त विचारलं, "गाडी कुठली?" खिडकीतून दाखवली. मग मशीनवर ट्रायल झाली आणि दुपारी बोलावलं.

त्या उत्तरात तीन गोष्टी होत्या. आकडा लपवला नाही, चूक आपल्याकडं घेतली आणि ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून आधीच काय केलंय ते दाखवलं. तुमचं कारण वेगळं असेल. शेतीमुळं सुटत असेल तर, "या वर्षी लावणी मजुरांवर सोपवली आहे, मला जूनमध्ये चार दिवस रजा लागेल, आत्ताच सांगतो." चार दिवसांची रजा आधी मागणारा माणूस परवडतो, न सांगता पंधरा दिवस गायब होणारा नाही परवडत. "आता मी बदललोय", "संधी द्या, निराश करणार नाही" असली वाक्यं मात्र आम्ही रोज ऐकतो.

ट्रायलला उभं केलं तर घाई करू नका. आधी ड्रॉइंग मागा, पहिला पीस काढून स्वतः मोजा, मगच पुढं चला. मला वेगापेक्षा ही सवय बघायची असते.

पगारावर घासाघीस करायची आपली बाजू थोडी लंगडी असते हे मान्य करा. त्यातून एक वाट निघते. "आत्ता तुम्ही म्हणाल तो घेतो, सहा महिने झाल्यावर काम बघून एवढा करा," असं म्हणा आणि ते नेमणूक पत्रात लिहून मागा. सहा महिने राहायची तयारी आपणच दाखवली म्हणून मालकाचा जीव भांड्यात पडतो. पत्र हातात आलं की पीएफ कधीपासून, नोटीस किती दिवसांची, कंपनीच्या नावानं की ठेकेदाराच्या, हे वाचूनच सही करा.

दुकान, दवाखाना, शाळा

गणपत गल्ली, खडेबाजारात काम केलेल्यांकडं सहसा कागद नसतो. तिथं जुन्या शेठचा फोन हाच दाखला, म्हणून सोडताना हिशेब आणि संबंध दोन्ही नीट मिटवून सुटा. दवाखान्यात नर्सिंगच्या मुली नाइट ड्युटीमुळं बदलत राहतात. माझ्या बसची गोष्ट त्यांनी आपल्यापुरती बदलून घ्यावी. खाजगी शाळेत वर्ष मध्येच सोडलेलं फार खुपतं. एप्रिलमध्ये सोडलेल्या चार शाळांपेक्षा नोव्हेंबरमध्ये सोडलेली एक शाळा जास्त प्रश्न आणते.

लागल्यानंतर

पहिले तीन महिने शिवजयंतीचे चित्ररथ असोत की गणपतीचं विसर्जन, रजा आधी लिहून द्या. दुसऱ्या दिवशीची झोपही त्यातच धरा. जेवणाच्या सुट्टीत जुन्या कंपन्यांच्या गोष्टी कमी सांगा.

पाचव्या-सहाव्या महिन्यात फोन येतो, हमखास येतो. एखादा ठेकेदार किंवा जुना दोस्त म्हणतो, "इथं दीड हजार जास्त हाय, येतोस काय?" मला आला तेव्हा मी शिफ्ट कोणती ते विचारलं. सेकंड, म्हणाला. आणि सुटल्यावर बस? "बस कशाला लागतीय रे तुला," तो म्हणाला, "गाडी घेतलीस न्हवं?"

गाडीचे अजून चौदा हप्ते राहिले होते. मी त्याला चहाला बोलावलं आणि आमच्याकडं एक जागा होती ती सांगितली.